छोट्या पुडीचा लेखक

धाडच्या कृषी केंद्रवाल्या हिंमतरावाला दोन बायका आहेत, ही बातमी खेडकर सरांच्या घरी सकाळच्या चहाबरोबर आली. आणि त्यातली दुसरी बायको त्या वेळी सरांसाठी चहा गाळत होती.

बातमी आणली होती पहिलीने. सिंधूताई, म्हणजे हिंमतरावाची रीतसर लग्नाची बायको, हातात नवऱ्याचा मोबाइल घेऊन दारात उभी होती. चप्पल काढायचंही तिला सुचलं नव्हतं.

"शकुंतलाबाई, मी वाचते, तुम्ही आइका," ती म्हणाली. "'परवा माझी सौ. शकुंतला भरताचं वांगं चिरून पाहत होती; ती म्हणाली, अहो, अळी आत शिरते तरी कुठून? मी हसलो, आणि मला कपाशीचं बोंड आठवलं.' खाली नाव आमच्या मालकाचं. फोटो आमच्या मालकाचा, गॉगल लावून. मंग ही शकुंतला कोन?"

शकुंतलाबाईंनी गाळणी खाली ठेवली. "वांगं मीच चिरलं होतं. पण भरीत अथी बसून आमच्या ह्यांनी खाल्लं. तुमच्या मालकाले मी अजून पाणीबी देलं नाही."

खेडकर सरांनी मोबाइल हिसकावून घेतला, चष्मा कपाळावरून नाकावर आणला आणि वाचता वाचता त्यांचा चेहरा लालबुंद झाला. "चोर! सगळं उचललंय! 'पाहत होती'नंतरचा अर्धविरामसुद्धा माझा आहे!"

"अर्धविराम तुमचा," शकुंतलाबाई म्हणाल्या, "आन् मी?"

भालचंद्र खेडकर धाडच्या हायस्कुलात विज्ञान शिकवत आणि तालुका विवेक मंचाचे सचिव होते. त्यांच्या भीतीने आजूबाजूच्या दुकानदारांनी लिंबू-मिरची दाराच्या आतल्या बाजूला टांगायला सुरुवात केली होती. शिवाय ते 'विवेकी वावर' नावाचा ब्लॉग लिहीत. सरांच्या नावावर वावर नव्हतं, गच्चीवर कुंड्या होत्या. पण शेतीवर लिहायला वावर लागतं असं ज्यांना वाटतं त्यांनी शेतीवरचे सरकारी कागद वाचलेले नसतात. ब्लॉगला नियमित वाचक दोन. एक खुद्द सर. दुसरा जब्बार, कारण एस.टी. स्टँडसमोरच्या त्याच्या झेरॉक्स-कॉम्प्युटरच्या दुकानात बसून सर लेख चढवत आणि पान उघडंच टाकून जात. इतक्या वर्षांत ब्लॉगवर एकच अभिप्राय आला होता, आणि तो वजन कमी करण्याच्या औषधाची जाहिरात निघाला.

हिंमतरावाच्या पानावर मात्र त्याच लेखांखाली जत्रा होती. 'भाऊ, तोडलंत.' 'हिंमतभाऊ, लेखणी आहे की फवारणी!' सर एकेक अभिप्राय वाचत खाली गेले आणि एका अभिप्रायापाशी अडकले. तालुका कृषी अधिकारी रेवती मॅडमनी लिहिलं होतं: 'उत्तम लेखन. यंदा बोंडअळी मोहिमेत तालुक्यातल्या प्रत्येक ग्रामपंचायतीच्या भिंतीवर एक लेख लेखकाच्या नावासह रंगवायचा आहे. आपल्या नावाचा विचार करत आहोत.'

प्रत्येक गावाची भिंत! निवृत्ती तोंडावर आली होती. त्यानंतर आपण एस.टी.च्या खिडकीशी बसलो आहोत आणि गावामागून गावात आपलं नाव रंगवलेलं दिसतंय, हे स्वप्न सरांनी तिथल्या तिथे पाहिलं, आणि तिथल्या तिथे त्या नावाच्या जागी गॉगल दिसला.

शाळेला जायच्या आधी सर कृषी केंद्रावर धडकले. हिंमतराव थैल्यांची थप्पी लावून घेत होता.

"हिंमतराव, ते लेख माझे आहेत."

"हाव ना सर! म्हनून तर टाकले. दुसऱ्या कोनाचे टाकले असते तर फालतू निघाले असते."

"मला विचारलं होतं?"

"इचारलं असतं तर तुम्ही नाही म्हटलं असतं. मंग तुमचं मन मोडून टाका लागले असते. ते मले जमत नाही."

"ही चोरी आहे!"

"बसा, बसा. चहा सांगू?" हिंमतरावाने थप्पीवरची एक थैली उचलून सरांसमोर धरली. "ही बीटी. यातला जीन कोन्या परदेशातल्या सायबानं काढला. आता पाहा, हे दुकान भरून कंपन्या हायेत. थैलीवर कोनाचा वाघ, कोनाचा अर्जुन, कोनाचा हनुमान. आत जीन त्योच. सर, तुमचा लेख म्हंजे जीन हाये आन् मी थैली. शेतकरी जीन पाहून घेते का थैली पाहून?"

विज्ञानाच्या शिक्षकाला या युक्तिवादात चूक सापडेना, हे त्या दिवशीचं दुसरं दुःख.

"निदान बायकोचं नाव तरी बदलायचं!"

"ते चुकलंच," हिंमतराव गंभीर झाला. "रातभर घरात बोलचाल नाही. आत्ता दुरुस्त करतो." आणि खरोखरच त्याने सरांसमोर 'शकुंतला'ची 'सिंधू' केली. अर्धविराम ठेवला.

संध्याकाळी हे शकुंतलाबाईंच्या कानावर गेलं. "म्हंजे आधी मले न इचारता नांदवलं, आन् आता न इचारता काढून टाकलं," त्या म्हणाल्या. "आन् तुम्ही तथी उभे राहून पाहून राह्यले होते." त्या रात्री पोळ्या झाल्या, भाजी झाली नाही.

सर जब्बारकडे गेले. जब्बार अख्ख्या पंचक्रोशीच्या प्रकल्पवह्या छापून देत असे, त्यामुळे नकलेच्या बाबतीत त्याचा शब्द शेवटचा.

"सर, भांडून फायदा नाही. मॅडमले सांगसान तर हिंमतभाऊ म्हनन का सरांनीच माझं उचललं. त्याच्या पानाले दुनिया पाहते, तुमच्याले मी पाहतो. कोन खरं धरन?"

"मग काय, गप्प बसू?"

"हिंमतभाऊ वाचत नाही, ही गोष्ट पकडा. तो फक्त उचलते आन् चिपकवते. जो वाढलेलं पाहत नाही त्याच्या ताटात काय बी वाढा!" जब्बार पुढे सरकला. "असा लेख टाका का अख्खं गाव त्याले हसलं पायजे. गाव हसलं का हिंमतभाऊ स्वतःच बोंबलन, 'हे मी नाही लिवलं, खेडकर सरांचं हाये!' कबुली झाली. आपन हात बी नाही लावला."

सरांना योजना पसंत पडली. विषयही हाताशी होता: छोटी पुडी.

ज्यांनी बीटी कपाशी पेरली नाही त्यांच्यासाठी सांगायला हवं. बीटीच्या प्रत्येक थैलीसोबत साध्या, बिगर-बीटी बियाण्याची एक छोटी पुडी येते. ती वावराच्या कडेने चहूबाजूंनी पेरायची असते. अळीला खायला साधी कपाशी मिळाली, तर सगळ्याच अळ्या बीटी पचवायला शिकत नाहीत, असं ते शास्त्र. शेतकऱ्याचं शास्त्र वेगळं. आधीच वावर हातभर, त्यातली कड अळीच्या जेवणावळीला द्यायची? पुड्या बांधावर फेकल्या जात, कोंबड्या खात, पोरं उधळत. खात्याने पत्रकं काढली, कंपन्यांनी पुडीवर बारीक अक्षरात छापलं, सरांनी दर मोसमाला लेख लिहिला. कोणी पेरली नाही. आणि आदल्या साली बोंड फोडलं की आत गुलाबी अळी निवांत बसलेली सापडली. कंपनी म्हणाली, पुडी पेरली नाही. खातं म्हणालं, कंपनीला विचारा. दुकानदार म्हणाला, औषध मारा. औषध दुकानदाराकडेच होतं.

सरांनी लेखाला नाव दिलं, 'छोट्या पुडीचा प्राचीन विधी'. 'कर्पासोपनिषद' नावाचा ग्रंथ त्यांनी जागच्या जागी जन्माला घातला आणि त्यात बोंडऋषींना बसवलं. पुडीला लाल दोरा बांधून पाच रात्री देवघरात ठेवावी. पेरणीच्या दिवशी हळदकुंकू वाहून, अनवाणी, वावराच्या कडेने उलटी प्रदक्षिणा घालत ते बी पेरावं. प्रदक्षिणा पुरी होईपर्यंत चकार शब्द बोलू नये; जो बोलेल त्याच्या वावरात शेजाऱ्याचीही अळी येईल.

एरवी एका वाक्यासाठी तीन पेन्सिली चावणाऱ्या सरांना हे सगळं सरसर सुचत गेलं. शेजाऱ्याच्या अळीपाशी तर ते स्वतःच खूश होऊन थांबले. शकुंतलाबाईंनी वाचलं आणि म्हणाल्या, "पहिल्या खेपेले तुमचं काही तरी पुरं वाचून झालं." सरांनी ते टोमण्यात जमा केलं.

लेख चढला. हिंमतरावाने नेहमीप्रमाणे उचलला. लगेच सरांनी आपल्या ब्लॉगवरून काढून टाकला, कारण विवेक मंचाच्या सचिवाच्या पानावर बोंडऋषी दिसणं बरं नव्हतं. जब्बारने त्याआधीच दोन्ही पानं तारीख-वेळेसकट छापून ठेवली होती, आणि दोघं गाव हसण्याची वाट पाहू लागले.

गाव हसलं नाही.

हिंमतरावाला लोकांनी इतकं विचारलं की त्याने लेखाची पत्रकं छापून प्रत्येक थैलीबरोबर द्यायला सुरुवात केली. का नाही विचारणार? आदल्या सालच्या नुकसानीचे अर्ज भरून गावाचे अंगठे झिजले होते. या विधीला आधार कार्ड लागत नव्हतं, तलाठ्याची सही लागत नव्हती, बँकेचं पासबुक लागत नव्हतं. लागत होता फक्त दोरा, आणि तोंड बंद ठेवणं. दुसरी गोष्ट धाडच्या बाजाराला नवीन होती, पण लोक जिद्दीला पेटले.

पेरणीच्या दिवसांत शिवारात असं मौन पसरलं की जीपवाले गावात कोणी गेलं का म्हणून विचारू लागले. नवराबायको हातवारे करत कडेने उलटे फिरत होते. तुळशीराम आणि त्याचा चुलतभाऊ बांधावरून रोज एकमेकांच्या सात पिढ्या काढत; ते दोघं त्या दिवशी समोरासमोर आले, डोळे वटारून उभे राहिले आणि अळीच्या भीतीने मुकाट पुढे गेले. कोणाचा फोन वाजला तर सगळं शिवार त्याच्याकडे खुन्नसने पाही.

"जब्बार, तुझ्या भावाने तरी हसून सोडलं असेल ना?" सरांनी आशेने विचारलं.

"काय सांगू सर. भाभी, नूरबी, तिनं पुडी कोनाड्यात नेऊन ठेवली. म्हने, देवघर नसन तर कोनाडा चालते, नुकसान तर नाही ना? भाई अनवाणी फिरला. काटा घुसला पायात, तरी आवाज नाही काढला."

सरांनी कपाळाला हात लावला. पण हिशेब अजून संपला नव्हता. कपाशी गुडघ्याला लागली तेव्हा रेवती मॅडम पाहणीला आल्या. पहिल्या वावराच्या कडेला बिगर-बीटीची ओळ. दुसऱ्या वावराला ओळ. पलीकडच्या नाल्यापर्यंत चहूबाजूंनी ओळी. मॅडमनी सोबतच्या कृषी सहायकाकडे पाहिलं, सहायकाने आभाळाकडे. जे खात्याला, कंपन्यांना जमलं नाही ते एका गावाने करून दाखवलं होतं. "हे कोणी करवून घेतलं?" त्यांनी विचारलं. बांधावरून उत्तर आलं, "हिंमतभाऊनं लिवलं, आम्ही केलं." ते काय लिहिलं होतं, हे मॅडमनी विचारलं नाही. परिणाम दिसला की खातं कारण विचारत नाही.

सत्कार ठरला. बाजाराच्या चौकात मांडव, माइक, शाल, नारळ. भिंतीच्या लेखकाचं नावही तिथेच जाहीर होणार होतं.

"आज बोलले नाही," शकुंतलाबाईंनी सरांचा शर्ट इस्त्री करत बजावलं, "तर पुढल्या लेखात मी सिंधूताईच्या मालकाचीच बायको राहीन."

सर जब्बारला घेऊन पहिल्या रांगेत बसले. छापील पुरावा जब्बारच्या मांडीवर होता. सरांचं ठरलं होतं. मॅडमनी नाव पुकारलं की उठायचं, जुने सगळे लेख आपले असल्याचं सांगायचं, आणि त्या विधीचं नावही काढायचं नाही.

हिंमतराव नवीन गॉगल खिशाला अडकवून व्यासपीठावर गेला आणि मोठ्या अदबीने पत्रक प्लास्टिकच्या फाइलीत घालून त्याने मॅडमच्या हाती दिलं. मॅडम खुशीत माइकवर आल्या. "ज्या लेखाने हे घडवलं तो मी तुम्हाला वाचूनच दाखवते. 'पुडीला लाल दोरा बांधून पाच रात्री देवघरात...'"

मॅडम थांबल्या. पुढची ओळ त्यांनी मनात वाचली. मग आणखी एक. मांडवातल्या बायका मात्र पुढचा भाग तोंडपाठ असल्यासारख्या माना डोलवत होत्या.

"हिंमतराव," मॅडमचा आवाज खाली आला, पण माइक चालू होता. "कर्पासोपनिषद? बोंडऋषी? मी शासकीय व्यासपीठावरून हे वाचतेय. हे तुम्ही लिहिलंत?"

हिंमतरावाने तो लेख आयुष्यात पहिल्यांदा ऐकला होता. त्याने मॅडमच्या चेहऱ्याकडे पाहिलं, बाजूला ठेवलेल्या शालीकडे पाहिलं आणि दुकानदाराच्या चपळाईने माल परत केला.

"मी? मॅडम, मी कुठी लिवतो! हे खेडकर सरांचं हाये!" त्याने माइकच हातात घेतला. "हेच नाही, पहिल्यापासून सगळे लेख त्याइचेच. एक अक्षर बी माझं नाही. मी नुसता उचलतो. बसलेत ना सर समोर, उठा ना सर!"

ही कबुली ऐकण्यासाठी सरांनी अख्खा मोसम घालवला होता. ती आता चौकाच्या चारही कर्ण्यांतून, तालुका अधिकाऱ्यासमोर, सगळ्या गावाच्या साक्षीने मिळत होती. योजना जशीच्या तशी पार पडली होती. जब्बारला राहवलं नाही. तो पुराव्याचे कागद फडकावत उठला. "हाव मॅडम! पुरावा हाये माझ्यापाशी! तारीख-टाइमसहित! हा लेख सरांचाच..."

"बस खाली!" सरांनी त्याच्या शर्टाला इतक्या जोरात हिसका दिला की एक बटण मॅडमच्या पायाशी जाऊन पडलं.

"सर, तुम्ही?" मॅडम थक्क झाल्या. "विवेक मंचाचे सचिव ना तुम्ही? आमच्या ऑफिसच्या जीपचं लिंबू तुम्ही काढायला लावलं होतं!"

सर उठले. "या लेखाशी," ते म्हणाले, "माझा काडीचाही संबंध नाही."

"आन् बाकीचे?" हिंमतरावाने प्रेमाने विचारलं. "बाकीचे तर तुमचे ना, सर?"

सरांचं तोंड उघडलं. बाकीचे आपले म्हणावे, तर हाही त्याच थैलीतला. हा नाकारावा, तर बाकीचे कोणत्या तोंडाने मागावे? बायकांच्या बाजूने शकुंतलाबाईंचा "अहो!" आला. सरांनी तिकडे पाहिलं नाही.

"एकही ओळ माझी नाही," ते म्हणाले. मग मन फारच तुटलं म्हणून त्यांनी जोड दिली, "मी कधीमधी फक्त शुद्धलेखन पाहून देतो."

हिंमतराव क्षणभर चकित झाला. मग सगळा धंदा आपल्या पदरात परत आल्याचं त्याला कळलं. "सर लय मदत करतात," तो माइकवर म्हणाला. "हा विधी कोन्या तरी वात्रटानं माझ्या पानावर घुसवला असन, मॅडम. माझे बाकीचे लेख वाचा. सगळे शास्त्रीय."

मॅडमनाही मांडव, शाल आणि नारळ कुठेतरी खपवायचेच होते. त्यांनी बाकीचे लेख वाचलेले होते आणि ते खरोखरच शास्त्रीय होते. विधीची पत्रकं परत घ्यायचं ठरलं, शाल हिंमतरावाच्या खांद्यावर पडली. जब्बार सरांशी महिनाभर बोलला नाही. तुटलेलं बटण मात्र त्याने शकुंतलाबाईंकडून लावून घेतलं. शकुंतलाबाई सरांशी बोलत होत्या. तेच जास्त वाईट होतं.

दिवाळीपर्यंत भिंती रंगल्या. धाडपासून पार घाटापर्यंत, वांग्याच्या अळीवरून कपाशीच्या बोंडाकडे जाणारा तो लेख निळ्या अक्षरांत झळकला. खाली मोठ्या अक्षरांत 'लेखक: हिंमतराव', आणि त्याखाली, हिंमतरावाने दिलदारपणे घालायला लावलेली बारीक ओळ: 'शुद्धलेखन: भा. खेडकर'. पेंटरने प्रत्येक भिंतीवर वेगवेगळ्या चुका केल्या होत्या. शाळेतली पोरं त्या उतरवून आणत आणि सरांना दाखवत.

पुढच्या पेरणीच्या आधी एका दुपारी सुभद्राबाई सरांच्या दारात येऊन बसली. म्हातारी, विधवा, पण नाल्याकाठचं वावर स्वतः करणारी. पदराखालून तिने लाल दोरा बांधलेली छोटी पुडी काढली.

"मास्तर, एक इचाराचं होतं."

"हिंमतरावाला विचारा, सुभद्राबाई. लेखक तो आहे."

"त्याले काय इचारू? त्याले त्यातलं काय ठाव! तुम्ही लिवलं नाही, हे तुम्ही चौकात सांगलं, मी आइकलं. बराबर हाये. नोकरीवाल्या मानसाले सांगा लागते." तिने आवाज खाली आणला. "मागच्या साली मी उलट्या फेरीत होती, आन् मधातच मले शिंक आली. दाबली, तरी आलीच. तवापासून जीवाले लागून हाये. मास्तर, शिंक बोलन्यात धरतात का?"

सर उठून उभे राहिले. विज्ञान, विवेक मंच, काढून टाकलेली लिंबं, सगळं त्यांच्या ओठांवर आलं. "सुभद्राबाई, पुडी जरूर पेरा, पण हे सगळं थोतांड..." एवढं म्हणून ते थबकले. म्हातारी मान वर करून, श्वास रोखून, पुढच्या शब्दाची वाट पाहत होती. इतक्या वर्षांत त्यांच्या कुठल्याही ओळीची अशी वाट कोणी पाहिली नव्हती.

सरांनी आत डोकावून पाहिलं, शकुंतलाबाई परसात होत्या. रस्त्यावर पाहिलं, जब्बार नव्हता. मग ते खाली वाकले.

"शिंक चालते," सर म्हणाले. "खोकला मात्र धरतात."